चुनखडीच्या बांधावरचा धडा

माझ्या नवऱ्यानं पोस्टाच्या खिडकीत पुठ्ठा लावला, तेव्हाच मी ओळखलं की गावाची आता फुकटात करमणूक होणार. पुठ्ठ्यावर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘फेरेट सोडून ससे धरायला शिका. नवशिक्यांना खास मार्गदर्शन. सेथ गार्बट, चाळीस वर्षांचा अनुभव.’ चाळीस वर्षं सेथ ससे धरतोय हे खरं आहे. पण चाळीस वर्षं रोज दाढी केली म्हणून कुणी न्हावी होत नाही.

खरं म्हणजे या धंद्यात शिकवण्यासारखं आहे काय? फेरेट म्हणजे हातभर लांब आणि बोटभर पायांचं जनावर. ते बिळात सोडायचं. ससे घाबरून बाहेर उड्या मारतात आणि बिळाच्या तोंडावर लावलेल्या जाळीत गुरफटतात. जाळी बटव्यासारखी असते, ससा आत शिरला की दोरी आपोआप आवळते. झालं. पाच वर्षांच्या पोराला दोन वाक्यांत कळेल. सेथला ते सांगायला अख्खी सकाळ लागते आणि मध्ये दोनदा चहा लागतो.

आमच्या घरात जाळ्या विणायची मी. पिंजऱ्यातलं गवत बदलायची मी. पिल्लं आजारी पडली की रात्र काढायची मी. बिळाला कान लावून खाली काय चाललंय ते सांगायचं, तेही मीच. मी हात वर केला की सेथ जिथल्या तिथे गप्प होतो. तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडून तेवढी एक गोष्ट त्यानं शिकून घेतली. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी आमच्याकडे सहा फेरेट होते आणि त्यातली टॅन्सी माझी होती. पांढरी, बारीक चणीची मादी. तिची आई बाळंतपणातच गेली, भावंडं एकापाठोपाठ एक गेली, आणि ही एवढीशी गाठ उरली. मी तिला एप्रनच्या खिशात घालून, दूधपाव भरवून वाढवली. आम्हाला मूलबाळ नाही, पण त्यावरून कुणी उगीच कथा रचू नये. टॅन्सी कामाची होती. दुसरे फेरेट बिळात शिरले की वाट चुकलेल्या पाव्हण्यासारखे हिंडतात. ही सरळ जाऊन काम करून पाच मिनिटांत बाहेर यायची आणि माझ्या बाहीत शिरायची. मला ती फार आवडायची, बस.

फेब्रुवारी अर्धा सरला होता. वॉर्डलचा गहू बोटभर वर आला होता आणि सशांनी त्याच्या कडेच्या आठ ओळी साफ करून टाकल्या होत्या. वॉर्डल म्हणजे ज्याच्या शेतावर आम्ही ससे धरतो तो शेतकरी. वागायला सरळ, बोलायला कोरडा. तो सोमवारी दारात येऊन उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही.

“सेथ, चुनखडीच्या बांधावरच्या बिळांत मी शुक्रवारी विषारी भुकटी मारून घेतोय. माणसं सांगून ठेवलीत, दहा वाजता पंप घेऊन येतील. तोवर तुला काय काढायचे ते काढ.”

“काढतो ना. गुरुवारी एक शिकाऊ पण येतोय माझ्याकडे,” सेथ म्हणाला. जसा काही राजवाड्यातून येणार होता.

वॉर्डल गेल्यावर मी म्हटलं, “दुसरा बांध घे. शुक्रवारी तिथं विष पडणार. एखादं जनावर आत अडकलं तर?”

“तो बांध रस्त्याला लागून आहे. गृहस्थाची गाडी थेट तिथवर येते. त्याला काय चिखलातून चालवू?”

म्हणजे जनावराच्या जिवापेक्षा गृहस्थाचे बूट महत्त्वाचे. सेथशी वाद घालणं म्हणजे गाढवापुढं वाचली गीता, शिवाय हे गाढव मध्येच उत्तरही देतं.

गुरुवारी सकाळी गृहस्थ आले. मिस्टर ब्रिअर्ली, लीड्समधले निवृत्त दातांचे डॉक्टर, बायको वारल्यावर आमच्या गावात चर्चमागचं घर घेऊन राहिलेले. अंगावर कोरं मेणकापडी जॅकेट. हात हलवला की ते दारासारखं करकरायचं. पायात बूट असे चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. कोपरापर्यंत येणारे चामडी हातमोजे, ते बहुधा ससाणा पाळणाऱ्यांचे असावेत. खांद्याला नवी कुदळ, तिच्या दांड्याला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच. आणि गालाला लावलेल्या अत्तराचा असा घमघमाट की दोन गावांपलीकडच्या सशानं शिंकावं.

“यांना नावं असतात का?” पेटीत डोकावून त्यांनी विचारलं.

“हिचं टॅन्सी. त्याचं बिशप,” मी म्हटलं. बिशप आमचा थोराड नर.

त्यांनी खिशातून वही काढली आणि दोन्ही नावं लिहून घेतली. मी मान वळवून हसले. दोन फेरेटांची नावं विसरतील म्हणून वहीत लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

बांधावर पंचवीसेक बिळं होती. सेथनं जाळ्या लावायला सुरुवात केली आणि तोंडाची टकळीही सुरू केली. म्हणजे जाळ्या मीच लावत होते, तो बोटानं दाखवत होता.

“पहिला नियम, मिस्टर ब्रिअर्ली. शांतता! बिळावर आलं की तोंडाला कुलूप. ससा खाली असतो, पण त्याचे कान वर असतात. तुम्ही बोललात, पाय आपटलात, की त्याला कळतं वर माणूस आहे. मग तो बाहेर येतच नाही. खाली फेरेट, वर माणूस, मग तो करतो काय? बिळाच्या टोकाशी जाऊन भिंतीला तोंड लावून बसतो. फेरेटला तो ढकलता येत नाही, मग ती त्याला तिथंच मारते, पोटभर खाते आणि झोपते. दिवसभर झोपते! मग बसा खणत.”

“समजलं,” मिस्टर ब्रिअर्ली हळूच म्हणाले.

“ही माझी बायको थिर्झा. हिनं हात वर केला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही. लिहून ठेवा.”

त्यांनी तेही लिहून घेतलं.

मी शेवटची खुंटी ठोकली, टॅन्सीला मधल्या बिळात सोडलं आणि दहा पावलं लांब जाऊन गुडघ्यावर बसले. तिचं शेपूट आत दिसेनासं झालं. सगळं नीट होतं, वारा आमच्याकडे येत होता, जमीन कोरडी होती. आता फक्त गप्प बसायचं होतं.

सेथ गप्प बसला नाही. तो बांधाच्या माथ्यावर, बरोबर बिळांच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला आणि शांततेवर व्याख्यान देऊ लागला. अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात एका शिकाऊला शिंक आली आणि चाळीस ससे कसे हातचे गेले, हे त्यानं सांगितलं. ती शिंक कशी होती ते शिंकून दाखवलं. ससा पाय आपटून दुसऱ्या सशांना कसं सावध करतो, तेही दाखवलं. आपला बूट जमिनीवर आपटून! एकदा नाही, तीनदा.

मिस्टर ब्रिअर्ली पुतळ्यासारखे उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जाळीकडे पाहत राहिले.

मला खालचं सगळं ऐकू येत होतं. आधी धडधड झाली, मग धावपळ झाली, एक ससा अगदी तोंडापर्यंत आला आणि वरचा आवाज ऐकून परत फिरला. मग खोल कुठंतरी एक बारीक, चिरका आवाज आला. मग काहीच नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पाऊण तास गेला. एकही जाळी हलली नाही.

“आज ससे नाहीतच इथं,” सेथ म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

“ससे आहेत,” मी म्हटलं. “तिनं आत एक मारलाय. खाऊन झोपली असेल.”

“असं होतं कधीकधी, मिस्टर ब्रिअर्ली. मादी हट्टी असली की असं होतं.”

आता हट्ट टॅन्सीचा झाला.

अशा वेळी दोरीचा फेरेट सोडतात. थोराड नराच्या गळ्यात पट्टा घालायचा, पट्ट्याला लांब दोरी, आणि दोरीला दर हातावर गाठ. तो मादीपर्यंत जातो, तिला हुसकून मेलेल्या सशापाशी बसतो. किती गाठी आत गेल्या ते बघून वरून खणायचं. बिशपला सोडला. बारा गाठी आत गेल्या आणि दोरी ताठ झाली. सेथनं ती ओढली. मी ओरडले, “ओढू नकोस!” तोवर त्यानं पुन्हा ओढली होती. दोरी हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाच्या मुळ्यांत अडकली. दीड तास खणून आम्ही बिशपला बाहेर काढला, तोंडात सशाचा एक केससुद्धा नाही. तो भलत्याच बोगद्यात बसला होता.

चुनखडीत खणणं म्हणजे दगड फोडणंच. दुपारी तीनला सेथनं कंबर धरली. “माझ्या पाठीत उसण भरली. मी घरी जाऊन चहा ठेवतो.”

“जा,” मी म्हटलं. “निदान चहा तरी न बोलता उकळतो.”

तो गेला. मला वाटलं गृहस्थही जातील, बूट पुसतील, वहीत लिहितील की खेडवळ लोकांना काही येत नाही. ते गेले नाहीत. त्यांनी जॅकेट काढून काट्यांवर टाकलं, हातमोजे काढून टाकले आणि मी दाखवीन तिथं खणत राहिले. बोलले नाहीत. तळहाताला फोड आले, फुटले, रुमाल बांधला आणि खणत राहिले. मध्ये एकदा खांद्यापर्यंत हात बिळात घालून पंधरा मिनिटं पालथे पडून होते, गालाखाली चिखल, डोळे मिटलेले. एका तोंडात कितीही वेळ हात घालून बसायची त्यांना सवयच असणार.

“काही लागतंय का?” मी विचारलं.

“केस लागताहेत. थंड आहेत. ससा असावा.”

म्हणजे टॅन्सी तिथून पुढं सरकली होती. अंधार पडायला लागला. आम्ही सगळी बिळं मातीनं बुजवली, एक मोकळं ठेवलं आणि त्याच्या तोंडाशी तिची गवताची पेटी ठेवली, आत घरून आणलेलं सशाचं काळीज टाकलं. जनावर जागं झालं की वासानं येतं, पेटीत झोपतं, सकाळी आपलं आपण सापडतं. दहापैकी आठ वेळा असंच होतं.

घरी सेथ म्हणाला, “एका फेरेटसाठी एवढं काय? ड्रिफील्डच्या बाजारात दुसरा आणू.” मी ताट त्याच्यापुढं आपटलं आणि झोपायला गेले.

सकाळी उजाडता उजाडता मी बांधावर पोचले. मिस्टर ब्रिअर्ली आधीच तिथं होते. बादली पालथी घालून, बिळांकडून वारा येईल अशा बाजूला बसले होते, त्या अत्तराचा आज वास नव्हता. त्यांनी मला पाहून फक्त मान हलवली, नाही अशी.

पेटी रिकामी होती. काळीज तसंच होतं.

आम्ही पुन्हा खणायला लागलो. साडेनवाला वॉर्डल आला, त्याच्यामागं पंपवाले दोघं. त्यातल्या मोठ्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. भला माणूस होता. त्यानं डब्याचं झाकण उघडलं नाही, बांधावर बसून सिगारेट पेटवली.

“आत फेरेट आहे,” मी वॉर्डलला म्हटलं. “आजचा दिवस द्या. हे दुसऱ्या बांधावर आधी करा.”

“मिसेस गार्बट, यांना दुपारी दुसऱ्या शेतावर जायचंय. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर माझ्या गव्हाचं काय राहील?” त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. “अकरापर्यंत थांबतो. त्याहून जास्त जमणार नाही.”

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गहू त्याचा होता.

अकरापर्यंत आम्ही कमरेइतका खड्डा केला. दोनदा मी सगळ्यांना हात करून थांबवलं आणि कान लावला. दुसऱ्या वेळी मला वाटलं, खाली कुठंतरी खरवडल्यासारखं झालं. डाव्या बाजूला. आम्ही डावीकडे खणलं, मोठा दगड लागला, दगडाच्या दोन्ही बाजूंनी बोगदे फुटले होते. त्यातला कुठला, ते कुणाला माहीत!

सव्वाअकराला सेथ आला, खिशात हात घालून. परिस्थिती बघून म्हणाला, “चला, करा तुमचं काम. बायकांचा जीव उगाच अडकतो जनावरात.” पंपवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खड्ड्यातून बाहेर आले.

त्यांनी एकेक बीळ उघडून पंपाची नळी घातली, दांडा हलवला आणि वरून गवताची ढेपळं दाबली. आमच्या खड्ड्यातले दोन्ही बोगदेसुद्धा. पंचवीस बिळांना अर्धा तास लागला. आम्हाला वाऱ्याच्या उलट्या बाजूला रस्त्यावर उभं केलं होतं. सेथ वॉर्डलला सांगत होता, भुकटीपेक्षा फेरेट कसे बरे, आणि त्यात वर्षानुवर्षांचा अभ्यास कसा लागतो.

मिस्टर ब्रिअर्ली माझ्याशेजारी उभे होते. रुमाल बांधलेले दोन्ही हात पुढं धरलेले. ते हळू आवाजात, अगदी ‘तोंड उघडा’ म्हणावं तसं, म्हणाले, “मिसेस गार्बट, एक विचारू? मी नवीन आहे, मला कळत नाही म्हणून विचारतो.”

“विचारा.”

“काल ते वर उभे राहून बोलत होते, तेव्हा तुम्ही हात का वर केला नाहीत?”

मला वाटलं उत्तर आपोआप येईल. सेथवर टाकायला माझ्याकडे शब्द कधी कमी पडले नाहीत. पण त्यांनी सेथबद्दल विचारलंच नव्हतं.

“मी पाहिलं तुमच्याकडे,” ते म्हणाले. “वाटलं, तुम्ही करत नाही म्हणजे तसंच करायचं असेल.”

“मला बघायचं होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“तुमच्यासमोर तो किती मूर्ख दिसतो ते.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, तेच वाईट. दाढ किडलेली आहे एवढं बघून सांगावं, तसे उभे राहिले. मग काट्यांवरचं जॅकेट घेतलं, बादली घेतली, कुदळ गाडीत ठेवली आणि माझ्या हातात हात दिला. रुमाल ओला होता. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. त्यानंतर ते शिकायला कधी आले नाहीत. दुकानात भेटले की टोपी काढतात.

ती धडधड, तो परत फिरलेला ससा, तो चिरका आवाज, मला सगळं ऐकू आलं होतं. हात मांडीवर होता. वर करायला किती वेळ लागतो? पण सेथ तिसऱ्यांदा बूट आपटत होता आणि मला इतकी मजा वाटत होती की हात उचलावासा वाटला नाही. आता दातांच्या डॉक्टरलासुद्धा कळेल, मी कुणाशी संसार केला, असं मी मनात म्हणत होते. माझी टॅन्सी खाली होती आणि मी हे म्हणत होते.

संध्याकाळी मी रिकामा पिंजरा धुतला. सेथ सशाचं मांस भरून भाजलेली पेस्ट्री खात होता, कालची उरलेली. तोंड भरलेलं असताना तो म्हणाला, “तुला सांगतो, चूक त्या दातवाल्याची. नवशिका माणूस, सारखा जागेवर चुळबुळ करत होता. ससे बिथरणार नाहीत तर काय?”

“तो हलला नाही.”

“मग तुझ्या त्या मादीची. लाडानं बिघडवलेली.”

“चूक माझी,” मी म्हटलं.

सेथचा काटा हातात राहिला. तीस वर्षांत हे वाक्य त्यानं या घरात ऐकलं नव्हतं. त्यानं घास गिळला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“मी तेच म्हणतोय कधीपासून,” तो म्हणाला आणि आणखी एक तुकडा कापून घेतला.

मी त्याला मूर्ख म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तो मूर्ख या वेळी बरोबर बोलत होता.